दुरपताची खांदमळणी

मोताळ्याच्या बाजारात झुली, गोंडे आणि घुंगरमाळा लटकायला लागल्या की माझं डोकं फिरतं. पोळा आला म्हणून बाकीच्या बायकांना पुरण आठवतं, माहेर आठवतं, लहानपणी पाहिलेली बैलांची मिरवणूक आठवते. मला एक होडी आठवते आणि अंगाचा तिळपापड होतो. साठी उलटली, शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी या बाबतीत माझ्यात काडीची सुधारणा नाही. श्रावण उतरणीला लागतो, सोयाबीनच्या शेंगा भरतात, राजूर घाटाकडून येणारं वारं अंगणातल्या दोरीवरची लुगडी फुगवतं आणि आमचे हे त्या फुगलेल्या लुगड्याकडे टक लावून बसतात. चाळीस वर्षं संसार केल्यावर मला एवढं नक्की कळतं की ते लुगडं बघत नसतात.

सरळच सांगते. माझ्या नवऱ्याचा एका शर्यतीच्या होडीवर जीव आहे आणि मला तिचा हेवा वाटतो. लोक म्हणतील, बाई, लाकडाचा काय हेवा करायचा? करून बघा म्हणावं. माणसाचा हेवा सोपा असतो. शेजारणीच्या पाटल्यांचा हेवा वाटला तर चार दिवसांनी तिच्या सुनेची तोंडाळ भाषा कानावर येते आणि आपलं पोट आपोआप थंड होतं. होडीला सून नसते. ती म्हातारी होत नाही असं नाही, पण दर वर्षी तिला खरवडून, तेल पाजून, रंग लावून पुन्हा उभी करतात. मला कोणी खरवडून रंग लावलेला नाही.

आमच्या जिल्ह्यात खारं पाणी बघायचं तर लोणारला जावं लागतं आणि त्यात होडी चालत नाही. अशा मुलखातला हा माणूस विहिरीत पोहायला शिकला, मलकापूरला गाडीत बसला आणि नौदलात खलाशी झाला. पंधरा वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची आठ वर्षं जहाजाच्या कामाइतकंच त्यांचं मन या होडीत होतं. इंग्रजांच्या काळात बांधलेली, लांबट, निमुळती, दोन्ही टोकांना पाण्यावर उचललेली शिडाची होडी. ती नौदलाच्या ताब्यात आली होती आणि हिवाळ्यात शर्यतींना उतरायची. मागच्या बाजूला तिचं नाव इंग्रजी अक्षरांत कोरलेलं होतं, डोरथी. पहिल्या सुटीत घरी येऊन ह्यांनी ते आईला सांगितलं. सासूबाईंनी दोनदा उच्चारून पाहिलं, जमेना, मग म्हणाल्या, दुरपता म्हण की सरळ. तेव्हापासून आमच्या घरात ती दुरपता. माझ्या लग्नाआधीच तिचं नाव घरात पडलं होतं. मी मागून आले, हे मला पहिल्या दिवसापासून टोचतं.

लग्नाच्या वर्षी मी कुलाब्याच्या नौदलाच्या वसाहतीत राहायला गेले. त्या वर्षी अधिक महिना आला होता, त्यामुळे पोळा चांगलाच लांबला. पावसाळ्यात होड्या पाण्याबाहेर काढून लाकडी घोड्यांवर ठेवतात, त्यांची डागडुजी करतात आणि पाऊस ओसरू लागला की परत पाण्यात सोडतात, हे मला तिथं गेल्यावर कळलं. म्हणजे आमचा नव्या नवलाईचा सगळा पावसाळा दुरपता घोड्यावर चढून बसली होती आणि माझा नवरा संध्याकाळी, रविवारी, सुटीच्या दिवशी तिच्या पोटाखाली पाठीवर पडून तिला घासत होता. घरी यायचे ते केसांत भुसा आणि अंगाला जवसाच्या तेलाचा वास घेऊन.

त्या तेलाचीही एक कहाणी आहे. निघताना सासूबाईंनी घाण्यावरून काढून आणलेलं जवसाचं तेल एका डब्यात भरून दिलं होतं. सुनेला परमुलखात ठेच्यावर घ्यायला हवं म्हणून. मी ते पुरवून पुरवून वापरत होते. एक दिवस डबा उचलला तर हलका लागला. विचारलं तर म्हणाले की विलायती तेल कोरडं पडतं, तिच्या लाकडाला आपल्याकडचं जवस मानवतं. मानवतं म्हणे. मी महिनाभर कोरडा ठेचा खाल्ला आणि दुरपता माझं तेल प्याली. आजही कोणाच्या घरी जवसाची चटणी वाढली की मी आधी हुंगते आणि मगच खाते.

आता सण आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदमळणी असते. वर्षभर जू वाहून सुजलेल्या, घट्टे पडलेल्या खांद्यांना लोणी आणि हळद चोळायची आणि बैलाच्या कानाशी जाऊन म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. ज्याच्या जिवावर घर उभं आहे त्याला वर्षातून एकदा तरी हात जोडून जेवायला बोलवावं, एवढाच त्याचा अर्थ. कुलाब्यात कुठले बैल. पण सण तर करायचा होता. दुधावरची साय आठ दिवस साठवून, विरजून, पितळी गंजात रवीनं घुसळून मी चार बोटं लोणी काढलं होतं. लग्नानंतर स्वतःच्या घरात काढलेलं पहिलं लोणी. त्याचं तूप कढवून उद्याच्या पोळ्यांवर घालायचं, असा माझा बेत होता.

संध्याकाळी बघते तर वाटी जागेवर नाही. हळदीचा डबाही उघडा. मला काय ते उमगलं. पदर खोचला आणि चालत धक्क्यावर गेले. आदल्या आठवड्यातच दुरपताला पाण्यात सोडलं होतं. पाऊस उघडला होता, पाणी मातकट होतं आणि आमचे हे होडीच्या मागच्या टोकाला उकिडवे बसले होते. समोर सुकाणूचा दांडा, म्हणजे होडी वळवायला हातात धरतात ते लांब, किंचित वाकलेलं लाकूड. ते त्याला लोणी-हळद चोळत होते. घाई नव्हती. अंगठा लाकडाच्या रेषेवरून न्यायचा, थांबायचा, पुन्हा मागे यायचा. मग ते खाली वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी तशीच मागे फिरले. लग्नाला पाच महिने झाले होते आणि ह्यांनी माझ्याशी त्या आवाजात एक वाक्य बोललेलं मला आठवेना.

दुसऱ्या दिवशी मी पुरण घातलं. पहिली पोळी तव्यावरून उतरली तशी ह्यांनी पानावर घेतली आणि डब्यात ठेवून निघाले. मी काही बोलले नाही. तेव्हा नवी होते, न बोलणं जमायचं. ती पोळी दुरपतानं खाल्ली की माशांनी, देव जाणे.

पण त्या लोण्यानं पुढं जे केलं ते ऐकण्यासारखं आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होडीची चाचणी होती. सुकाणूवर एक अधिकारी बसायचे, सगळे त्यांना साहेब म्हणायचे. वारा तिरपा आला, साहेबांनी दांडा घट्ट आवळला आणि त्यांचा हात सुळकन निसटला. होडी गर्रकन वळली, शिडाचं आडवं लाकूड डोक्यांवरून सप्पकन गेलं, दोघं जण भिजले आणि साहेबांचे दोन्ही तळवे हळदीनं पिवळे. कोणी केलं हे, म्हणून विचारणा झाली. आमचे हे उभे राहिले. बैलाच्या खांद्याला लावतात म्हणून लावलं, असं सांगितलं. सगळे पोट धरून हसले. साहेब हसले नाहीत. म्हणाले, ज्यानं लोणी लावलं त्यालाच धरता येईल, ये, बस इथं.

आणि ह्यांना ते धरता आलं. कारण ह्यांनी ते आवळलंच नाही. लहानपणापासून बैलांचा कासरा हातात. बैल पळत असताना कासरा ओढणारा माणूस आमच्याकडे येडा समजतात. हातात ढिला धरायचा, बोटांनी विचारायचं, बैल काय म्हणतो ते ऐकायचं आणि मग एवढंसं सांगायचं. तेच ह्यांनी तिच्याशी केलं. त्या हिवाळ्यापासून हे सुकाणूवर आणि साहेब शिडाच्या दोरावर.

यात माझ्या लोण्याचा कोणी उल्लेख केला नाही.

कृतज्ञता म्हणून जे काही या माणसात आहे ते सगळं त्या होडीच्या वाट्याला गेलं, त्यालाही कारण आहे. ते मला ठाऊक आहे आणि म्हणूनच जास्त राग येतो. नौदलात पहिली सात वर्षं ह्यांना लोकांनी हसून हसून बेजार केलं होतं. मले म्हटलं की हशा, काऊन म्हटलं की हशा. जेवणाच्या रांगेत मुद्दाम बोलतं करायचे. त्यामुळे हा मोकळा माणूस गप्प झाला, हो आणि नाही एवढ्यावर आला. दुरपतावर वारं पडलं की सुकाणूवरचा माणूस ओरडून सांगतो आणि बाकीचे निमूट करतात. तिथं कोणाला हसायला फुरसत नसते. हे त्या वाऱ्यात आमच्या बोलीत ओरडायचे, सोड बे, ओढ बे, थांब जराक, आणि पुण्याची, केरळची, पंजाबची पोरं तसंच करायची. पुढं तर ती पोरंच एकमेकांना बे म्हणायला लागली. हे मला ह्यांनी एकदाच सांगितलं होतं. म्हणाले, "त्या बाईनं मले माही जीभ वापस देल्ली."

ऐकून माझे डोळे भरून यायला हवे होते. आले नाहीत. मी मनात म्हटलं, मी कुठं तुमच्या जिभेला हसले होते? मी तर रोहिणखेडच्या बाजूची, माझीही जीभ तीच. शाळेत मास्तरीण म्हणून लागले तेव्हा मलाही तपासणीला आलेल्या पाहुण्यांनी हसून घेतलं होतं. माझी जीभ मला कोणी परत आणून दिली नाही, मीच तिला धुऊन-पुसून शुद्ध केली. या लेखात दिसते ती हीच.

नोकरी संपली तेव्हा दुरपतालाही नौदलानं काढायचं ठरवलं होतं. त्याआधी तिला लोखंडी दांडा बसवला होता, जुना कोपऱ्यात पडला होता. निरोपाला लोकांना घड्याळ मिळतं, शाल मिळते. ह्यांनी तो दांडा मागून घेतला. मलकापूर स्टेशनवर आम्ही उतरलो तेव्हा माझ्या खांद्यावर बिछाना होता, हातात ट्रंक होती आणि ह्यांच्या खांद्यावर चादरीत गुंडाळलेला दांडा. सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळला तो आधी कोणावरून, हे मी लिहीत नाही.

ओसरीत दोन खुंट्या ठोकून तो दांडा आडवा ठेवला. शेती सुरू झाली, माझी शाळा सुरू झाली. गोठ्यात बैल होते तोवर खांदमळणीला आधी बैल आणि मग दांडा असा क्रम होता. पुढं ट्रॅक्टर आला, बैल गेले, गोठ्यात पाण्याची मोटर आणि फवारणीचे पंप आले. आता गावात पोळ्याला बैलाच्या जोड्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात, त्या दारात आल्या की आम्ही त्यांचे पाय धुतो. पण आमच्या घरी खांदमळणी चुकली नाही. दर वर्षी त्या संध्याकाळी हे दांडा मांडीवर घ्यायचे आणि मी आतून लोणी आणून समोर ठेवायची. हो, मीच ठेवायची. ठेवताना वाटी अशी आपटायची की ऐकू जावं.

गेल्या वर्षी श्रावणात हे फवारणीला शेतात गेले होते आणि फोन घरी चार्जिंगला होता. वाजला म्हणून मी उचलला. मुंबईहून एक मुलगी बोलत होती, तारा नावाची. आवाज गोड, मराठी स्वच्छ. तिनं सांगितलं की एका गोदीच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं पडलेली डोरथी तिनं घेतली आहे, दोन वर्षं खपून तिला होती तशी उभी केली आहे, फळी न् फळी जुन्या पद्धतीनं. नवरात्राच्या आधी पाण्यात सोडायची आहे. सगळं जुन्यासारखं झालं, फक्त मूळचा सुकाणूचा दांडा नाही. एका म्हाताऱ्या साहेबांनी सांगितलं की तो काकांकडे आहे. काका तो देतील का? आणि काकांनी स्वतः यावं, पहिल्या दिवशी त्यांनीच सुकाणू धरावं, अशी तिची फार इच्छा होती.

म्हणजे ती मेली नव्हती. इतकी वर्षं मी समजत होते की निदान ती तरी कुठं सडून गेली असेल, आता फक्त तिच्या आठवणीशी माझं भांडण आहे. ही तर नटून-थटून पुन्हा उभी होती आणि माझ्या नवऱ्याला बोलावणं धाडत होती. माझ्या तोंडून कसं निघालं ते मला सांगता येणार नाही. मी म्हणाले, "तो दांडा आता नाही. मागच्या हिवाळ्यात बंबात घातला."

मग ती पोरगी एवढंच म्हणाली की ठीक आहे काकू, पण काकांना निरोप द्या, त्यांनी नुसतं बघायला तरी यावं. मी हो म्हटलं. निरोप दिला नाही.

आयुष्यभर वर्गात मी पोरांना खोटं बोलू नये म्हणून शिकवलं आणि तळहातावर छडीही मारली. आता घरात मी एक खोटं घेऊन वावरत होते. सोमवार गेले, राखी गेली. ह्यांचा फोन वाजला की हातातलं टाकून मी आधी धावायची. ओसरीत झाडताना वर बघवत नव्हतं, दांडा तिथंच, माझ्या डोक्यावर, धडधाकट. मला वाईट वाटत होतं का? थोडं. पण खरं सांगते, त्याहून जास्त बरं वाटत होतं. वाटायचं, एकदा तरी मी तिच्या पुढं गेले.

मग खांदमळणीची संध्याकाळ आली. दिवे लागायच्या आधीची वेळ, अंगणात उजेड होता. हे दांडा मांडीवर घेऊन बसले, मी वाटी आपटली आणि समोर शेवग्याच्या शेंगा मोडत बसले. चोळता चोळता ते थांबले. त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्यानं अंधुक दिसायचं, तेव्हापासून मरणाच्या गोष्टी सहज तोंडात यायच्या. दांड्यावरचा हात न काढता ते मला म्हणाले, "मी गेलो की हा दांडा माह्यासंगं सरणावर ठेवजो."

शेंग माझ्या हातातच राहिली. सरणावर. म्हणजे तिथंही तीच. मी मागं राहणार, रडणार, बांगड्या फोडणार, आणि ही त्यांच्या कुशीत जाणार. चाळीस वर्षं ज्याला सोबत केली तो शेवटच्या वाटेला तिला घेऊन निघाला होता. मला ते सहन होईना. लोकांना खरं बोलायला चांगुलपणा लागतो, मला हेव्यानं बोलायला लावलं. दांडा घरातून जायला हवा होता, आणि तो घालवायचा एकच रस्ता माझ्याकडे होता.

मी म्हणाले, "तो तर श्रावण लागतानाच जळाला. मीच जाळला."

ह्यांनी मांडीवरच्या दांड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग मी सगळं सांगून टाकलं. ताराचा फोन, होडी, नवरात्र, बंब. ह्यांचा हात लोण्यानं माखलेला, तसाच अधांतरी. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर मीही ओरडले असते आणि बरं झालं असतं. मग ते म्हणाले, "तिले वाटलं असन, म्या तिचं लाकूड पानी तापवाले घातलं."

तिले म्हणजे त्या मुलीला की होडीला, हे मी विचारलं नाही. मला कळत होतं. मी एवढंच म्हणाले की त्या साली धक्क्यावर नेलेलं लोणी माझं होतं, घरातलं पहिलं होतं, आणि चाळीस वर्षांत तुम्ही एकदाही त्याचं नाव काढलं नाही. त्यांनी हात पुसले, फोन आणून माझ्यापुढं ठेवला. मी लावला. ताराला म्हटलं, दांडा आहे, मी खोटं बोलले होते. ती म्हणाली, का काकू? मी म्हटलं, हेवा वाटला, दुसरं काय. पोरगी हसली नाही, त्याबद्दल मी तिला मानते.

आम्ही दोघं गेलो. दांडा पुन्हा चादरीत, पुन्हा मलकापूर, फक्त गाडी उलट्या दिशेची. मी मुद्दाम गेले, एकट्याला सोडणं शक्यच नव्हतं. धक्क्यावर उभी राहून मी तिला नीट, डोळे भरून पाहिलं. काय सांगू, मेली फार सुंदर होती. चाळीस वर्षांपूर्वी मला ते दिसलं नव्हतं, मी फक्त लोण्याकडे बघत होते. ह्यांनी दांडा स्वतः बसवला. त्याआधी ओल्या फडक्यानं आणि मग कोरड्यानं इतका पुसला की त्यावर लोण्याचा कण राहिला नाही. एवढी अक्कल वयानं आली. मग शीड चढलं, फुगलं, आणि एका डोळ्यानं अंधुक दिसणारा, जिना उतरताना माझा हात धरणारा हा म्हातारा खाडीत तिला घेऊन गेला. सोड बे, असं तो कोणाला तरी ओरडला, ते पाण्यावरून माझ्यापर्यंत आलं.

तासाभरानं परत आले तेव्हा ह्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आमच्या लग्नात पाहिलं नव्हतं, पोरगी झाली तेव्हा पाहिलं नव्हतं, सोयाबीन विक्रमी पिकलं तेव्हाही नाही. तारा म्हणाली, काकू, पुढच्या फेरीला तुम्हीही बसा ना. मी म्हटलं, मला मळमळतं. मळमळतच होतं, पण समुद्रानं नाही. परतीच्या गाडीत ह्यांचे दोन्ही हात रिकामे होते. ते कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं, कधी मांडीवर, कधी खिडकीच्या गजावर. मी बघत होते आणि ते धरायचं सुचलं नाही. खरं म्हणजे सुचलं होतं. मी धरले नाहीत.

तर आज खांदमळणी आहे. ओसरीतल्या खुंट्या वर्षभर रिकाम्या आहेत. मी त्यांवर पिशव्या टांगून बघितल्या, ह्यांनी काढून ठेवल्या. मला वाटलं होतं की ती गेली की माझं पोट थंड होईल. झालं नाही. समोर होती तेव्हा निदान वाटी आपटायला कोणीतरी होतं.

संध्याकाळी सवयीनं मी लोणी आणि हळद आणून ठेवली. आपटली नाही. हे पाट घेऊन बसले, वाटीकडे बघत राहिले. माझा उजवा खांदा सहा महिन्यांपासून आखडला आहे, हात वर होत नाही, वेणी घालताना जीव जातो. फळ्यावर लिहून लिहून झालं, डॉक्टर म्हणाले. बैलाला जू आणि मास्तरणीला फळा. मी आत जायला वळले तर ह्यांनी पदराला धरून खाली बसवलं. खांद्यावरचं लुगडं बाजूला केलं आणि लोण्याचं बोट ठेवलं.

त्यांनी अंगठा खांद्याच्या हाडावरून नेला, थांबले, मागे आले. जिथं दुखतं तिथं आपोआप थांबले. दाबलं नाही, नुसतं ठेवलं, आणि आतली गाठ काय म्हणते ते ऐकत बसले. मग एवढंसं सरकवलं. आणि मधेच म्हणाले, "त्या दिवशी साहेबाले म्या सांगतलं होतं, लोनी माह्या बायकोच्या हातचं हाये म्हनून. तुले सांगाचं राहून गेलं."

चाळीस वर्षं राहून गेलं. म्हणजे साहेबांना ठाऊक, सगळ्या खलाशांना ठाऊक, त्या दुरपतालाही ठाऊक, आणि मलाच तेवढं ठाऊक नव्हतं. मी वळून काहीतरी टोचून बोलणार होते. पण खांदा सैल पडत होता, सहा महिन्यांत पहिल्यांदा, आणि मला उठवेना. ह्यांनी माझ्या कानाशी वाकून त्या आवाजात, अगदी त्याच आवाजात, म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

डोळे पुसायला हात वर नेला तर तो डोळ्यांपर्यंत पोचला.

लग्नाच्या वेळी या हाताला एवढी समज नव्हती, मी शपथेवर सांगते. बैलांनी अर्धी शिकवली असेल. बाकीची कोणी शिकवली ते मला दिसतच होतं. न आवळता धरायचं कसं, हे आठ हिवाळे ती त्यांच्याकडून गिरवून घेत होती आणि मी इकडे वाट्या मोजत होते. बाई, तुझा हेवा वाटायचा तो वाटतोच. पण हात चांगला घडवून पाठवलास.

उद्या पुरण मी घालणार आहे. पहिली पोळी मात्र ना बैलाला, ना होडीला, ना ह्यांना. तव्यावरून उतरली की तिथंच चुलीपाशी उभ्यानं, भरपूर तूप घालून मी खाणार आहे.